वर्गणी, दप्तर आणि सभा



डोक्यावर कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या, पाटीत भाजी घेऊन रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या, घरी विड्या वळणाऱ्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आणि कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या ज्या स्त्रिया आपल्या शहरांचा नित्य व्यवहार चालता ठेवतात, त्यांची नावे कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात. अशा स्त्रियांनी स्वतः सभासद होऊन उभारलेल्या संघटनांविषयी आज बोलावे, असे मी योजिले आहे. या संघटनांच्या लढ्यांविषयी आपल्याकडे थोडेबहुत लिहिले गेले आहे. मोर्चे, सत्याग्रह, न्यायालयांचे निकाल आणि कायदे यांची हकिकत वाचकाचे मन वेधून घेते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु मोर्चा निघतो त्या दिवसाच्या अलीकडे आणि पलीकडे जी असंख्य साधी कामे असतात, म्हणजे वर्गणी गोळा करणे, पावती फाडणे, सभासदांची नोंद ठेवणे, नेमल्या दिवशी सभा भरविणे, सभेत जे ठरले ते लिहून पुढच्या सभेत वाचून दाखविणे, जमाखर्च मांडणे आणि मुदत संपताच निवडणूक घेणे, त्या कामांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. माझे आजचे प्रतिपादन असे आहे की, संघटनेचे टिकाऊ सामर्थ्य याच कामांत साठते, आणि ही कामे जोवर सभासद स्त्रियांच्या स्वतःच्या हाती येत नाहीत, तोवर संघटना कितीही मोठी दिसली तरी ती दुसऱ्याच्या आधाराने उभी असते.

हजेरीपट नसलेले कामगार

मुंबईच्या गिरणगावात कामगारांची संघटना बांधणाऱ्यांपुढे अडचणी कमी नव्हत्या. तथापि गिरणीला दरवाजा होता, पाळीचा भोंगा होता, पगाराचा दिवस होता आणि ज्याच्याकडे दाद मागावयाची तो मालक ठाऊक होता. असंघटित क्षेत्रातील स्त्रीच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. घरी शिवणकाम करणाऱ्या स्त्रीला कापड आणून देणारा एक मध्यस्थ असतो, त्याच्यामागे दुसरा असतो, आणि शेवटच्या व्यापाऱ्याचे नावही तिच्या कानी पडत नाही. भाजी विकणारीला मालक असा कोणीच नाही. परंतु व्याजाने पैसे देणारा सावकार, घाऊक बाजारातील अडत्या, जागेवरून उठविणारा पोलीस आणि पाटी उचलून नेणारे नगरपालिकेचे पथक या सर्वांचा अंमल तिच्या एका दिवसाच्या कमाईवर चालतो. सकाळी सभा ठेवावी तर ती बाजाराची वेळ; दुपारी ठेवावी तर त्या दिवसाची निम्मी मजुरी बुडते; रात्री ठेवावी तर चूल, पाणी आणि मुले वाट पाहत असतात, आणि कित्येक घरांत नवऱ्याची परवानगी हाही एक उंबरठा ओलांडावा लागतो.

या परिस्थितीचा एक परिणाम असा होतो की, कामगार म्हणून या स्त्रीची पहिली नोंद संघटनेलाच करावी लागते. सरकारी दप्तरात ती कोणाची तरी पत्नी वा विधवा म्हणून असते, झोपडपट्टीच्या यादीत रहिवासी म्हणून असते, पोलिसांच्या वहीत रस्ता अडविणारी म्हणूनही असू शकते. पण ती कोणते काम करते, किती तास करते, त्याचे तिला काय मिळते, हे लिहून घेणारी पहिली वही बहुधा संघटनेची सभासद-नोंदवही हीच असते. म्हणून त्या वहीची निगा हे कारकुनी काम आहे असे समजून ते कोणाही पगारी माणसाकडे सोपविणे मला घातक वाटते. ज्या वहीतून त्या स्त्रीचे कामगारपण सिद्ध होते, ती वही कशी लिहावी, कशी तपासावी आणि तिच्या आधारे कोणापुढे काय मागावे, हे तिला स्वतःला कळले पाहिजे.

अहमदाबादची सुरुवात

हा विचार केवळ तर्काने सुचलेला नाही; त्यामागे अर्धशतकाचा अनुभव आहे, आणि त्याचे मूळ अहमदाबादेत आहे. तेथील गिरणी कामगारांची ‘मजूर महाजन’ ही संघटना १९१८ च्या संपानंतर, गांधीजी आणि अनसूयाबेन साराभाई यांच्या प्रेरणेने १९२० साली स्थापन झाली. तिची महिला शाखा १९५४ पासून काम करीत होती. परंतु ते काम मुख्यत्वे गिरणी कामगारांच्या घरच्या स्त्रियांना शिवण-विणकाम शिकविण्याचे होते. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या इला भट्ट या शाखेच्या प्रमुख असताना, १९७१ साली कापडबाजारात हातगाड्या ओढणाऱ्या काही परगावच्या स्त्रिया निवाऱ्याची मागणी घेऊन मजूर महाजनाच्या कचेरीत आल्या. त्यांची वस्ती पाहावयास गेलेल्या इलाबेनना तेथे डोक्यावर गठ्ठे वाहणाऱ्या स्त्रिया भेटल्या. त्यांना खेपेमागे मजुरी मिळे. ओझे किती आणि अंतर किती याचा हिशेब मात्र कोणी ठेवीत नसे, आणि त्यामुळे तो त्यांच्या हिताने कधी होतही नसे.

इलाबेननी या स्त्रियांची स्थिती वर्तमानपत्रातून मांडली. व्यापाऱ्यांनी वर्तमानपत्रातूनच उत्तर दिले की, आम्ही या बायांना योग्य तेच देतो. तेव्हा महिला शाखेने व्यापाऱ्यांचे ते म्हणणे कार्डांवर छापून घेतले आणि ती कार्डे ओझे वाहणाऱ्या स्त्रियांच्या हाती दिली. व्यापाऱ्याने जाहीरपणे जे कबूल केले ते आता त्याच्या दुकानाच्या पायरीवर त्यालाच दाखविता येत होते. त्या स्त्रियांपैकी फार थोड्यांना अक्षरओळख असेल. परंतु हाती असलेला कागद कोणाविरुद्ध आणि कशासाठी वापरावयाचा हे प्रत्येकीला समजले होते. संघटनेच्या क्षमतेचा जो सिद्धान्त आज मी मांडीत आहे, त्याचे बीज या एका प्रसंगात मला दिसते: लिहिलेला शब्द बलवंतांच्या दप्तरातून काढून कष्टकरी स्त्रीच्या हाती देणे, आणि त्याचा उपयोग तिला अवगत करून देणे.

ही वार्ता इतर स्त्रियांपर्यंत पोहोचली. जुन्या कपड्यांचा व्यापार करणाऱ्या स्त्रियांनी आपली गाऱ्हाणी मांडण्यासाठी एका उद्यानात सभा भरविली, आणि त्या सभेतच जमावातील एका स्त्रीने सुचविले की, आपली स्वतःची संघटना असावी. त्यातून डिसेंबर १९७१ मध्ये ‘स्वाश्रयी महिला सेवा संघ’, म्हणजे आज सर्वत्र ‘सेवा’ या नावाने ओळखली जाणारी संस्था जन्मास आली. तिला कामगार संघ म्हणून नोंदवावयाचे ठरले, तेव्हा निबंधकाने हरकत घेतली. या स्त्रियांना मालक नाही, मग त्या लढणार कोणाविरुद्ध, असा त्याचा प्रश्न होता. इलाबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले की, कामगार संघ हा कोणाच्या विरोधासाठी असलाच पाहिजे असे नाही. कामगारांच्या ऐक्यासाठी तो असतो. अखेरीस एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी झाली. या वादाचे महत्त्व कायद्यापुरते नव्हते. केवळ विरोधावर उभ्या राहिलेल्या संघटनेचे काम मागणी मान्य होताच ओसरू शकते. ऐक्यासाठी उभ्या राहिलेल्या संघटनेला मात्र रोजचा कारभार लागतो, आणि त्या कारभारासाठी माणसे तयार करावी लागतात. सेवेने हा दुसरा, अधिक कष्टाचा मार्ग पत्करला.

दहा रुपयांचा भाग

या मार्गावरील पहिली मोठी कसोटी पैशाच्या व्यवहाराची होती. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि गरिबांना कर्ज मिळण्याची आशा निर्माण झाली. सेवेने मध्यस्थी करून आपल्या सभासदांना या बँकांकडे नेले. परंतु बँकेच्या वेळा कष्टाच्या वेळांशी जुळत नव्हत्या, अर्ज भरता येत नव्हते, आणि मळक्या लुगड्यात, कडेवर मूल घेऊन आलेल्या स्त्रीला काउंटरपलीकडील माणूस गिऱ्हाईक मानावयास तयार नव्हता. तेव्हा आपलीच बँक असावी अशी मागणी सभासदांतून आली. १९७४ साली ४,००० स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घेऊन सेवा सहकारी बँक उभी केली. नोंदणीच्या कागदांवर प्रवर्तकांच्या सह्या लागत होत्या आणि त्यांतील बहुतेकींना सही करता येत नव्हती. त्या स्त्रियांनी रात्रभर बसून आपापले नाव गिरविले आणि दुसऱ्या दिवशी सह्या केल्या. पुढे खातेदाराची ओळख पटविण्यासाठी पासबुकावर छायाचित्र लावण्याची पद्धत बँकेने स्वीकारली, म्हणजे निरक्षरतेपायी कोणाचा व्यवहार अडू नये.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. एकीकडे सभासदांनी संस्थेच्या रीतीपर्यंत चढावे म्हणून सहीचे शिक्षण, आणि दुसरीकडे संस्थेच्या रीतीने सभासदांपर्यंत उतरावे म्हणून छायाचित्राची योजना. क्षमता वाढविण्याचा विचार आपल्याकडे बहुधा एकाच बाजूने होतो. स्त्रियांना शिकविले की काम झाले, असे आपण समजतो. वस्तुतः ज्या संस्थेच्या वेळा, भाषा, अर्ज आणि नियम कष्टकरी स्त्रीच्या आयुष्याला धरून नाहीत, ती संस्था स्वतःच अक्षम आहे, आणि तिच्या अक्षमतेचे खापर सभासदांच्या अज्ञानावर फोडणे अन्यायाचे आहे.

आपल्या मुंबईतही त्याच सुमारास असाच एक प्रयत्न झाला. गोवा मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली गिरणगावातील खानावळवाल्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणी कामगारांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या या स्त्रिया वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात अडकलेल्या असत. तारण ठेवण्याजोगे त्यांच्याजवळ काही नसे. त्यांनी गट करून एकमेकींची हमी घ्यावी आणि त्या हमीवर राष्ट्रीयीकृत बँकेने कर्ज द्यावे, अशी तजवीज मंडळाने केली. दुसरीच्या फेडीची जबाबदारी घेणे म्हणजे तिच्या धंद्याचा अंदाज घेणे, हप्त्याची आठवण ठेवणे आणि प्रसंगी तोंडावर सांगणे. त्यामुळे कर्जाचा हा गट कारभाराची शाळाच ठरला. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबत गेला. कामगार गावोगावी पांगले आणि खानावळींची गिऱ्हाइके तुटली. अशा वेळी कर्जापेक्षा ही शिकलेली रीत अधिक मोलाची असते, कारण धंदा बदलावा लागला तरी हिशेब मांडण्याची आणि एकमेकींची हमी घेण्याची विद्या बदलत नाही.

निवड, शिक्षण आणि आत्मपरीक्षण

सेवेच्या अंतर्गत रचनेकडे आता वळू. सभासद आपापल्या व्यवसायानुसार एकत्र येतात. प्रत्येक व्यवसायातून त्याच्या सभासदसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी निवडले जातात, आणि हे प्रतिनिधी दर तीन वर्षांनी कार्यकारी मंडळ निवडतात, ज्यात कष्टकरी स्त्रियांचेच बहुमत असते. भाजीवाली, विडी वळणारी, चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवणारी मुस्लिम स्त्री, ओझे वाहणारी दलित स्त्री आणि खेड्यातील शेतमजूर स्त्री यांना एका मंडळात बसून एकाच पैशाचा विनियोग ठरवावा लागतो. आपली मागणी मांडणे त्या मानाने सोपे असते. दुसरीची मागणी आपल्या मागणीहून अधिक निकडीची आहे हे मान्य करून तिच्या बाजूने हात वर करणे हे शिक्षण मात्र सभेवाचून मिळत नाही. जातिधर्माच्या भिंती व्याख्यानांनी पडत नाहीत. पण समाईक तिजोरीचा जमाखर्च मिळून तपासणाऱ्या स्त्रियांच्या मनात त्या भिंतींना पूर्वीचे बळ राहत नाही.

या प्रतिनिधींना आणि वस्तीतील ‘आगेवान’ स्त्रियांना तयार करण्याचे काम सेवेने आरंभापासून अंगावर घेतले, आणि पुढे त्यासाठी ‘सेवा अकादमी’ निघाली. शिक्षणाचा अर्थ पाटी-पुस्तकापुरता मर्यादित ठेवला गेला नाही. १९८४ साली सेवेच्या स्त्रियांना, ज्यांत अक्षरओळख नसलेल्या भाजीवाल्याही होत्या, चित्रफितीचा कॅमेरा चालविण्याचे शिक्षण देण्यात आले, आणि त्यांनी घेतलेल्या चित्रफिती अधिकाऱ्यांपुढे कैफियत म्हणून आणि सभासदांपुढे धडा म्हणून दाखविल्या जाऊ लागल्या. जिला लिहिता येत नाही तिलाही पुरावा तयार करता येतो, हे यातून सिद्ध झाले.

सेवेने स्वतःची परीक्षा घेण्यासाठी अकरा प्रश्न ठरविले आहेत, आणि मला ते कोणत्याही अहवालापेक्षा अधिक बोलके वाटतात. सभासदांचे काम वाढले काय, उत्पन्न वाढले काय, पुरेसे अन्न मिळू लागले काय, आरोग्य सुरक्षित झाले काय, मुलांच्या सांभाळाची सोय झाली काय, घर मिळाले वा सुधारले काय, नावावर मालमत्ता झाली काय, संघटनेची शक्ती वाढली काय, कष्टकरी स्त्रियांचे नेतृत्व पुढे आले काय, एकेकटीने आणि मिळून त्या स्वावलंबी झाल्या काय, आणि त्या लिहावाचावयास शिकल्या काय, असे ते प्रश्न आहेत. अन्न आणि नेतृत्व, घर आणि संघटनेची शक्ती एकाच यादीत असावी, यामागील विवेक ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी पोट भरू द्या, नेतृत्वाचे पुढे पाहू, असा जो शहाणपणाचा आव आणला जातो, त्याला या यादीत थारा नाही. कारण पोटाचा प्रश्न कायमचा सुटावयाचा तर त्याचा निर्णय करणारी जागा कष्टकरी स्त्रीकडेच असली पाहिजे.

या तयारीची परीक्षा १९८१ साली झाली. राखीव जागांच्या प्रश्नावरून अहमदाबादेत दंगली उसळल्या, सेवेने दलितांची बाजू घेतली, मजूर महाजनाशी मतभेद विकोपास गेले आणि सेवेला त्या मातृसंस्थेबाहेर जावे लागले. एखादी आश्रित शाखा अशा आघाताने नामशेष झाली असती. परंतु सेवेची नोंदणी स्वतंत्र होती, सभासदांची यादी तिची स्वतःची होती, बँक तिच्या सभासदांच्या भागभांडवलावर उभी होती आणि सभा चालवू शकणाऱ्या स्त्रिया वस्तीवस्तीत होत्या. संघटना टिकली, वाढली, आणि काही वर्षांतच तिचा अनुभव देशाच्या धोरणात उतरला. असंघटित क्षेत्रातील स्त्रियांविषयी इलाबेनच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने १९८८ साली ‘श्रमशक्ती’ हा अहवाल दिला, आणि १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला. जगाच्या व्यासपीठावर पोहोचलेल्या या मागण्यांचे मूळ वस्त्यांमधून भरलेल्या नोंदवह्यांत आहे.

पुण्याचा अनुभव

आपल्या पुण्यातही या विचाराची कसोटी लागली आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्या १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या स्त्रिया आणि मुलींमध्ये शिकविण्याचे काम करू लागल्या. या स्त्रियांपैकी बहुतेक दलित समाजातील होत्या, आणि कित्येकींची कुटुंबे १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडून शहरात आलेली होती. कचराकुंडीतील घाणीतून माल वेचण्याऐवजी घराघरांतून वेगळा केलेला कचरा मिळाला तर श्रम वाचतील आणि कमाईही वाढेल, हा विचार तेथे पुढे आला. १९९३ साली बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. हमालांच्या पंचायतीचा दीर्घ अनुभव बाबांच्या पाठीशी होता, आणि विखुरलेल्या अंगमेहनती कामगारांसाठी मंडळ नेमता येते हे १९६९ च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात दाखवून दिले होते.

पंचायतीने पहिली गोष्ट केली ती ओळखपत्राची. संघटनेच्या या ओळखपत्राला पुणे महानगरपालिकेने मान्यता दिली. चोर म्हणून हटकल्या जाणाऱ्या स्त्रीला आपण काम करीत आहोत हे दाखविण्याचे साधन मिळाले. पुढे पतसंस्था आली. भंगाराच्या दुकानातील वजनकाट्यावर आणि उचलीवर ज्यांचे आयुष्य बांधलेले होते, त्यांची बचत त्यांच्याच संस्थेत जमू लागली. नंतर पंचायतीने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने एक अभ्यास करून दाखवून दिले की, या स्त्रिया जो माल वेचतात तो वाहून नेण्याचा आणि विल्हेवाटीचा महानगरपालिकेचा खर्च वाचतो. म्हणजे शहर त्यांचे देणेकरी आहे. या हिशेबाच्या आधारे महानगरपालिकेने कचरावेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरावयाचे मान्य केले. दयेची याचना करणाऱ्या अर्जाला आणि आकड्यांनी भरलेल्या मागणीपत्राला मिळणाऱ्या उत्तरांत किती अंतर असते, हे येथे दिसून आले.

२००८ साली कचरावेचकांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली, आणि घरटी शुल्कातून सभासदांची कमाई होऊ लागली. कुंडीवर वेचण्याच्या कामाला वेळापत्रक लागत नाही. दारोदारच्या सेवेला मात्र घरांची वाटणी, खाडे झाल्यास बदलीची व्यवस्था, शुल्काची वसुली, तक्रारींची नोंद आणि प्रभागाच्या अधिकाऱ्याशी नित्य पत्रव्यवहार हे सारे लागते. जी स्त्री काल एकटी पोते घेऊन फिरत होती, तिला आज एका शहराशी केलेल्या कराराची बाजू सांभाळावी लागते. कराराची मुदत संपली की नूतनीकरणाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि यंत्रे व ठेकेदार यांचा पर्याय पुढे करणारे दर वेळी तयार असतात. अशा प्रसंगी भावनेचे आवाहन फार काळ पुरत नाही. किती घरे, किती माल, किती वसुली, किती तक्रारी आणि त्यांपैकी किती मिटल्या, याची चोख नोंद हीच ढाल ठरते.

सुशिक्षितांचे स्थान

येथवर जे सांगितले त्यात सुशिक्षित कार्यकर्त्यांचा वाटा मोठा आहे, आणि तो मानलाच पाहिजे. कायदा, भाषा, शासनाचे शिरस्ते आणि बँकेचे नियम यांची वाट त्यांनी दाखविली नसती तर या संघटना उभ्या राहणे कठीण होते. किंबहुना कामगार संघांच्या १९२६ च्या कायद्यात २००१ साली जी दुरुस्ती झाली, तिनेही असंघटित क्षेत्रातील संघाचे निम्मे पदाधिकारी प्रत्यक्ष त्या व्यवसायातील असावेत एवढीच अट घातली, म्हणजे उरलेल्या निम्म्या जागा बाहेरच्यांना मोकळ्या ठेवल्या. कायद्याची ही सवलत समजण्यासारखी आहे. धोका तिच्या सवयीचा आहे. अर्जाचा मसुदा नेहमी एकाच ताईने लिहावा, आयुक्तांपुढे नेहमी तिनेच बोलावे, ताळेबंद फक्त तिलाच उमगावा, आणि सभासदांनी टाळ्या वाजवून मंजुरी द्यावी, अशी घडी एकदा बसली की संघटनेचे नाव कष्टकऱ्यांचे आणि अखत्यार दुसऱ्याचा, असे होते. त्या ताईच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नसते, आणि म्हणूनच हा दोष कोणाच्या ध्यानी येत नाही.

यावरचा उपाय सभेच्या रीतीतच आहे. जमाखर्च मोठ्याने वाचावा, आणि कोणत्या रकमेचा अर्थ कळला नाही हे विचारणे हा सभासदाचा हक्क आहे असे दर वेळी सांगावे. शिष्टमंडळात नवी स्त्री असावी, आणि तिने काय बोलावयाचे याची तयारी आदल्या दिवशी मिळून करावी. पदाची मुदत ठरलेली असावी, आणि ती संपताच अनुभवी स्त्रीने नवीच्या शेजारी बसून तिला दप्तर समजावून द्यावे. वर्गणी अल्प असली तरी ती प्रत्येकीकडून, नियमाने आणि पावती देऊनच घ्यावी. बाहेरचे अनुदान मोठे असते आणि वर्गणी त्याच्या पासंगालाही पुरत नाही, म्हणून वर्गणीची वसुली सोडून द्यावी असे ज्यांना वाटते, त्यांना मी सांगेन की, अनुदानाचा हिशेब देणगीदार मागतो आणि वर्गणीचा हिशेब सभासद मागतात; कोणाला उत्तर द्यावयाचे, यावरच संस्थेचे धनी कोण हे ठरते.

आज या तयारीची निकड पूर्वीपेक्षा अधिक आहे, कारण लढ्यांनी मिळविलेले हक्क आता कायद्यात उतरत आहेत आणि कायदे निर्णयाच्या मंडळांत जागा देऊ लागले आहेत. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर घातले. आता त्या समितीत बसलेल्या भाजीवालीला कार्यक्रमपत्रिका वेळेवर मिळाली नाही तर हरकत कशी नोंदवावी, इतिवृत्तात आपले म्हणणे चुकीचे लिहिले गेले तर दुरुस्ती कशी मागावी, आणि बाजाराचा नकाशा कसा वाचावा, हे ठाऊक नसेल, तर तिची खुर्ची भरलेली दिसेल आणि निर्णय मात्र पूर्वीप्रमाणेच होत राहतील. हक्क कायद्याने मिळतो. त्याचा अंमल कारभार जाणणाऱ्यालाच करता येतो.

आपले कर्तव्य

या सभागृहात बसलेल्या आपणा सर्वांना यात काही करण्यासारखे आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. माझ्या मते तीन गोष्टी आहेत. ज्यांना लेखापालन, कायदा किंवा शिक्षण यांचे ज्ञान आहे, त्यांनी ते या संघटनांना द्यावे, परंतु वही आपण न लिहिता लिहिणारी तयार करावी, आणि ती तयार होईपर्यंत धीर धरावा. ज्यांच्या हाती बँका, महानगरपालिका आणि सरकारी कचेऱ्या आहेत, त्यांनी आपल्या वेळा, अर्ज आणि भाषा कष्टकरी स्त्रीला परवडतील अशा कराव्यात, आणि अशा संस्थांशी करार करताना त्यांना पुढचे नियोजन करता येईल एवढी मुदत द्यावी. आणि आपण जे तिच्या श्रमाचे रोजचे लाभधारक आहोत, त्यांनी तिचे शुल्क वेळेवर द्यावे, तिच्याकडून पावती मागून घ्यावी, आणि तिच्या संघटनेच्या ओळखपत्राला मान द्यावा.

देशातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया असंघटित क्षेत्रात आहेत. आपल्या लोकशाहीच्या भवितव्याची चर्चा आपण विधिमंडळांच्या आणि वर्तमानपत्रांच्या आधारे करतो; परंतु लोकशाही म्हणजे सामान्य माणसाला आपल्या सामाईक कामांचा निर्णय आणि हिशेब करता येणे, हा अर्थ जर खरा मानला, तर वर्गणी भरून, सभा चालवून आणि ताळेबंदावर प्रश्न विचारून त्या लोकशाहीचा प्रत्यक्ष अभ्यास करणाऱ्या या स्त्रिया आपल्यापैकी पुष्कळांच्या पुढे आहेत. त्यांच्या लढ्याला पाठिंबा देणारे पुष्कळ मिळतील. त्यांच्या कारभारावर विश्वास ठेवणारे, त्यांना तो मनापासून शिकविणारे, आणि शिकून झाल्यावर किल्ल्या त्यांच्या हाती देऊन सभेत मागच्या रांगेत बसणारे आपल्यातून निघाले पाहिजेत. या स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने तेवढीच मागणी मी आपल्यापुढे ठेवतो.